हिमालयातला नळ

माणिकप्पाच्या मनात रेवणसिद्धाबद्दल काहीही नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि दिवसातून तीन-चार वेळा सांगायचा. मनात काही नसलेला माणूस समोरच्या दुकानात सकाळपासून किती गिऱ्हाइकं चढली हे बोटांवर का मोजतो, असं कुणी विचारलं असतं, तर त्याचंही उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. समोर दिसतं म्हणून.

उदगीरच्या मोठ्या रस्त्यावर ही दोन दुकानं समोरासमोर होती. अलीकडं माणिकप्पाचं छत्र्या आणि रेनकोटांचं, त्यामागंच त्याचं घर, आणि पलीकडं रेवणसिद्धाचं पाण्याच्या टाक्यांचं आणि पाइपांचं. वीस वर्षं हा मामला बरोबरीचा चालला. मग सलग पावसाळे कोरडे गेले. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं यायला लागलं आणि टाकी नाही असं घर तालुक्यात उरलं नाही. छत्री मात्र प्रत्येक घरात होती आणि ती झिजायचं काही कारणच नव्हतं. माणिकप्पा आभाळाकडं बघायचा, मग समोर बघायचा, आणि दोन्हीकडून मान फिरवून गल्ल्यावरच्या रेनकोटांची धूळ झटकायचा.

एवढंही त्यानं सोसलं असतं. पण टाकीच्या कंपनीनं रेवणसिद्धाला मनालीची सहल घडवून आणली. तो गुडघाभर बर्फात, काळा चष्मा लावून, कमरेवर हात ठेवून उभा राहिल्याचा फोटो परत आला. मोठा करून, काच लावून, दुकानात दर्शनी भागात. एकदा माणिकप्पाची बायको शिवगंगा पिंपाला तोटी आणायला तिकडं गेली आणि परत येऊन म्हणाली, "भावजी फोटोत किती रुबाबदार दिसलालेत."

"काळा चष्मा घातला की म्हैस बी रुबाबदार दिसती," माणिकप्पा म्हणाला.

शिवगंगेनं पिंपाला तोटी बसवताना दोनदा त्या दुकानाकडं पाहिलं, हे माणिकप्पानं मोजलं.

त्याच दुपारी त्यानं गुरुलिंग सरांना गाठलं. गुरुलिंग सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. जगातल्या सगळ्या पर्वतांची उंची त्यांना पाठ होती आणि स्वतः ते बिदरच्या पलीकडं कधी गेले नव्हते. त्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. एक गोरा पोरगा दोन्ही पाय एका फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली येत होता. याला स्नोबोर्डिंग म्हणतात, असं सरांनी समजावलं.

"रेवणसिद्धानं हे केलंय का?" माणिकप्पानं विचारलं.

"न्हाई. तो निस्ता उभा हाय."

"मग ठरलं."

एवढ्या दोन शब्दांत हिमालयाची मोहीम आखली गेली. फळीवर उभं राहायचं, फोटो काढायचा, त्याच्यापेक्षा एक वीत मोठा करून आपल्या दुकानात लावायचा. सर येणारच होते, फोटो काढायला माणूस हवा म्हणून रेणापूरच्या किशनरावांना बरोबर घेतलं. ते शेतकरी होते. जमीन तापून पडली होती, नांगरून काही उपयोग नव्हता आणि त्यांच्याकडं नवा, भारी कॅमेऱ्याचा मोबाइल होता. तिघांनी शपथा घेतल्या की पलीकडच्या दुकानात हे कळता कामा नये. माणिकप्पानं ती शपथ घरीही सांगितली. शिवगंगेनं ती टँकरच्या रांगेत रेवणसिद्धाच्या बायकोला, दानम्माला सांगितली. चौथ्या दिवशी रेवणसिद्ध रस्ता ओलांडून आला.

"आप्पा, मला बी घे की. मी जाऊन आलोय, रस्ता माहीत हाय."

"माहितीचा माणूस असलेला बराच," आतून शिवगंगा म्हणाली.

निघायच्या आधीचा आठवडा सल्ल्यांचा होता. शेजारचे सिद्रामप्पा उदगीर जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष होते. उदगीरचा वेगळा जिल्हा झालाच पाहिजे म्हणून ते सोळा निवेदनं देऊन बसले होते आणि उरलेल्या वेळात गल्लीला सल्ले द्यायचे. त्यांचं म्हणणं, उन्हाला जसा खिशात कांदा चालतो तसा थंडीला लसूण चालत असणार. म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक गड्डा आला. औषधाच्या दुकानवाल्यानं सांगितलं की बर्फात तोंड उघडं ठेवू नये. गुरुलिंग सरांनी सांगितलं की वर हवा विरळ असते, तर तोंड उघडंच ठेवावं लागतं. माणिकप्पानं दोन्ही लिहून घेतलं. शिवाय त्यानं आपल्याकडून चार रेनकोट काढले, गुडघ्याखालपर्यंत येणारे, निळे, कमरेला पट्टा असलेले. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच, आणि पाण्यासाठी रेनकोट. दोन वर्षांत प्रथमच त्याच्या दुकानातला माल कामाला निघाला होता आणि त्याची मान ताठ झाली होती.

सिद्रामप्पांनी जाताना आणखी एक बजावलं. समितीचा ठराव होता की प्रत्येक कागदावर 'जिल्हा उदगीर' असंच लिहायचं. सरकार लिहीत नसेल तर आपण लिहायचं. रेवणसिद्धानं तर दुकानाची पाटीच तशी रंगवून घेतली होती. माणिकप्पा समितीचा सहचिटणीस होता, म्हणजे सतरंज्या आणि आभार त्याच्याकडं.

नांदेडला जाऊन त्यांनी सचखंड एक्स्प्रेस पकडली, पुढं बस, आणि चौथ्या दिवशी मनालीत एका कचेरीच्या खिडकीपुढं उभे राहिले. वरच्या तंबूवस्तीवर जायचं तर नावं नोंदवावी लागत. रेवणसिद्धानं अर्जावर ठसठशीत 'जिल्हा उदगीर' लिहिलं. सरांनी लिहिलं, किशनराव रेणापूरचे असूनही मित्रप्रेमानं त्यांनीही लिहिलं. माणिकप्पानं मात्र हातानं अर्ज झाकून 'लातूर' लिहिलं. त्याचा हिशेब सरळ होता. तिघांचे अर्ज अडकतील, आपण एकटेच वर जाऊ, आणि रेवणसिद्ध खाली बसून लसूण सोलेल.

कारकुनाच्या संगणकात उदगीर जिल्हा नव्हता. रेवणसिद्धानं त्याला उदगीरचं क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि निजामापासूनचा अन्याय असं सगळं सांगितलं. मागं रांग वाढत गेली. कारकून शांतपणे चारही अर्ज चाळत होता. मग त्यानं एक अर्ज वर धरून विचारलं, "इनमें ये लातूरवाला कौन है?"

तिघांनी माणिकप्पाकडं पाहिलं. परप्रांतात, अनोळखी लोकांसमोर, समितीचा सहचिटणीस फितूर निघाला होता. सर नुसते "अरेरे" म्हणाले. रेवणसिद्धानं पेन मागून घेतलं. त्यानं आपल्या अर्जावर उदगीर खोडून लातूर लिहिलं, पुढं 'तात्पुरतं' असं जोडलं, आणि बाकीच्यांना तसंच लिहायला सांगितलं. म्हणजे मोठेपणही त्यालाच मिळालं. माणिकप्पा वर जाणाऱ्या जीपमध्ये खिडकीकडं तोंड करून बसला.

तंबूवस्ती अशी होती की वर पांढरा उतार, खाली दहा-बारा तंबू आणि मधोमध एक नळ. झऱ्यापासून लोखंडी पाइप आणून लावलेला. तो नळ वाहत होता. खाली भांडं नव्हतं, बादली नव्हती, माणूस नव्हतं, आणि मनगटाएवढी धार दगडावर पडून खाली दरीत चालली होती. चौघांच्या हातातल्या पिशव्या आपोआप खाली ठेवल्या गेल्या.

"कुणीतरी उघडा ठेवून गेलं," किशनराव म्हणाले आणि बंद करायला धावले.

वस्तीचा मालक ठाकूर म्हणून होता, त्यानं त्यांना अडवलं. हा नळ इथं कधीच बंद करत नाहीत, रात्रीही नाही, एवढंच त्यानं बजावलं. का ते सांगितलं नाही, कारण ज्याला हे सांगावं लागेल असा पाहुणा त्याला आजवर भेटला नव्हता. चौघंही मान हलवून बाजूला झाले. पण आमच्या गल्लीत पंधरा दिवसांनी पाणी येतं तेव्हा माणूस लग्न सोडून घरी पळतो. त्या धारेकडं बघत चौघांनी चहा घेतला आणि कुणालाच चहाची चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या आल्या. शिकवणाऱ्यानं माणिकप्पाचे पाय फळीला बांधले, गुडघे वाकवायला सांगितले आणि हात सोडला. माणिकप्पा बसला. पुन्हा उठवला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा तो पाठीवर पडला, आणि इथं रेनकोटानं आपला गुण दाखवला. त्याच्या गुळगुळीत कापडाला बर्फ पकडेना. फळी आकाशाकडं, डोकं दरीकडं, अशा अवस्थेत तो सगळा उतार उतरून थेट स्वयंपाकाच्या तंबूपाशी पोचला. आचाऱ्यानं त्याला उठवून पाणी दिलं. असं दुपारपर्यंत सात वेळा झालं. आठव्या वेळी आचारी पाणी घेऊनच उभा होता.

किशनराव फोटो काढतच होते. त्यात चार फोटो आभाळाचे, दोन त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याचे, आणि एकात निळ्या रेनकोटाचा घोळ दिसत होता, त्यात माणूस आहे हे सांगावं लागायचं.

मग रेवणसिद्धाची पाळी आली. तो फळीवर चढला, दोन्ही हात जरा पुढं घेतले, आणि गेला. वरून खालपर्यंत, उभाच्या उभा. तंबूंतले सगळे लोक टाळ्या वाजवायला लागले. पुण्याहून आलेल्या एक बाई तर "वा काका" म्हणाल्या.

"कसं काय जमलं रे?" सरांनी विचारलं.

"लहानपणी रानात कुळवावर उभं राहायचो की. तेच हाय. निस्ते बैल न्हाईत."

माणिकप्पाच्या घरात तीन पिढ्या दुकानदारी होती. आपल्या बापानं आपल्याला एकदाही कुळवावर उभं केलं नाही, याचा त्याला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. किशनरावांनी रेवणसिद्धाचा फोटो काढला. तो इतका स्वच्छ आला की त्यावरून मागच्या शिखराची उंचीसुद्धा मोजून घ्यावी.

संध्याकाळी जेवण लवकर झालं. सगळे शेकोटीभोवती रेवणसिद्धाकडून कुळवाची हकीगत ऐकत बसले. पुण्याच्या बाई कुळव म्हणजे काय ते लिहून घेत होत्या. माणिकप्पा पाठ दुखते म्हणून उठला. पश्चिमेला अजून उजेड होता. नळापाशी तो थांबला.

धार पडत होती. माणिकप्पाला घरचं स्वयंपाकघर आठवलं, तिथं शिवगंगा तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरते, भांड्यांचं पाणी फरशीला, आणि फरशीचं तुळशीला. ठाकूरनं सांगितलेलं त्याला आठवत होतं. पण दिवसभरात आपल्या हातून एकही गोष्ट धड झाली नव्हती, आणि ही एक गोष्ट होती जी आपल्याला नक्की येते. त्यानं तोटी फिरवली. ती जुनी होती, सैल होऊन टपटप करू लागली. मग त्यानं रेनकोटाचा पट्टा काढला, तोटीभोवती करकचून आवळला आणि दुकानात गठ्ठ्याला मारतात तशी दुहेरी गाठ मारली. टपटप थांबली. इतकं शांत वाटलं की तो जाऊन पडला तो सरळ झोपलाच.

सकाळी ओरडाआरडा ऐकू आला. पाइपात थांबलेलं पाणी रात्रीत गोठलं होतं आणि पाइप दोन ठिकाणी उकलला होता. वाहतं पाणी गोठत नाही, म्हणून नळ चालू ठेवायचा, हे भूगोलाचे सर आता सगळ्यांना समजावून सांगत होते. तीस माणसं, आणि चहाला पाणी नाही. ठाकूर लालबुंद होऊन नळापाशी उभा होता.

माणिकप्पानं चोरून तोटीकडं पाहिलं. पट्टा नव्हता. वाऱ्यानं गेला असेल असं त्याला वाटलं, आणि त्यानं मनातल्या मनात वाऱ्याला हात जोडले.

"किसने बंद किया?" ठाकूरनं विचारलं.

माणिकप्पा आपल्या बुटांकडं बघत होता. तेवढ्यात रेवणसिद्ध पुढं झाला.

"मैंने किया. हमारे लातूर में पानी रेल से आता है, भाई. ऐसा बहता पानी देखा नहीं जाता."

ठाकूरचा राग तिथंच विरला. त्यानं रेवणसिद्धाच्या खांद्यावर हात ठेवला. मोबाइलवर चित्रफीत काढत असलेल्या पुण्याच्या बाईंचे डोळे भरून आले. पुढं लातूरकरांनीच कारभार हाती घेतला. झऱ्यापर्यंत रांग लागली. दिल्लीहून आलेली पोरं स्वतः रांगेत उभी होती, त्यांना किशनरावांनी शिकवलं की रांगेत माणूस नाही, भांडं उभं करायचं आणि आपण चहाला जायचं. माणिकप्पानं बावीस बादल्या वाहिल्या. एकीचाही कुणी फोटो काढला नाही.

आता गंमत बघा. ज्याच्यावर ठपका येणार होता तो सुटला होता. त्यानं रेवणसिद्धाचे पाय धरायला हवे होते. पण नांदेडला उतरेपर्यंत ती चित्रफीत उदगीरला पोचली होती, लोक ती एकमेकांना पाठवत होते, आणि माणिकप्पाचा तिळपापड होत होता. टाक्या त्याच्या, फोटो त्याचा, फळी त्याची. निदान चूक तरी माझी होती, ती सुद्धा ह्यानं नेली.

सिद्रामप्पांनी समितीतर्फे सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. अशी माणसं असताना उदगीर जिल्हा का होत नाही, असा त्यांनी सरकारला जाहीर सवाल केला. शिवगंगा बायकांत पुढच्या रांगेत बसली होती आणि मन लावून टाळ्या वाजवत होती. शेवटी आभाराला माणिकप्पा उठला. माइकवाल्याचे, सतरंजीवाल्याचे आभार मानून झाले. सत्कारमूर्तींचं नाव घ्यायचं तेवढं राहिलं होतं.

"तो नळ मी बंद केलता," माणिकप्पा म्हणाला.

सगळं सभागृह हसलं. आप्पा थट्टा करतात असं लोकांना वाटलं.

"खरंच. मीच केलता. पट्टा बांधलता त्याला," तो सांगत राहिला, तसं हसू वाढत गेलं. सरांनी मागून त्याचा सदरा ओढला. शिवगंगेनं पदर तोंडावर घेतला होता. घरी जाताना ती सगळा रस्ता पुढं चालली आणि दारात पोचल्यावर म्हणाली, "किती जळावं वो माणसानं."

त्या रात्री माणिकप्पा जेवला नाही. त्याला रेवणसिद्धापेक्षा मोठं व्हायचं नव्हतं, हे त्याला ताटावरून उठताना कळलं. शिवगंगेनं एकदा आपल्याकडं त्या फोटोकडं बघितलं तसं बघावं, एवढंच हवं होतं.

सकाळी दुकान उघडताना रेवणसिद्ध रस्ता ओलांडून आला. स्टुलावर बसला. मग खिशातून एक निळी पट्टी काढून त्यानं गल्ल्यावर ठेवली. रेनकोटाचा पट्टा होता, आणि त्यात ती गठ्ठ्याची गाठ अजून तशीच होती. तोटीवरून ती ओढून काढलेली दिसत होती.

"तुझ्याकडं?" माणिकप्पा म्हणाला.

"शेकोटी विझल्यावर मी बी गेलतो बंद करायला. बघतो तर तुझी गाठ. मग काढून घेतला पट्टा, तोटी बंदच ठेवली."

"कशाला?"

रेवणसिद्धानं रस्त्याकडं पाहिलं. "दिवसभर फळीवर उभा राहिलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आन् आपल्या गावच्या माणसानं करावं असं एकच काम तिथं होतं, ते तू करून निवांत झोपलालास. जीव जळला माझा, आप्पा."

"म्हणून सकाळी तुझं नाव सांगितलास?"

"हाव."

माणिकप्पानं पट्टा हातात घेतला, गाठ चाचपून पाहिली. गाठ त्याचीच होती.

"लई जळला का?"

"लई."

"पुन्हा एकदा सांग."

रेवणसिद्धानं पुन्हा सांगितलं. पोटापर्यंत जळला असं सांगितलं. मग माणिकप्पानं दोन चहा मागवले.

"हे शिवगंगेला सांगशील का?"

"न्हाई," रेवणसिद्ध म्हणाला. "आता सत्कार घेऊन बसलोय. दानम्मानं शाल ट्रंकेत ठेवली."

माणिकप्पाला त्याचाही राग आला नाही. दुपारी तो घरी गेला आणि दोन भाकरी जास्त जेवला. शिवगंगेनं भाकरी वाढता वाढता त्याच्याकडं पाहिलं, काय झालं हे तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा पाहिलं. दोनदा. माणिकप्पानं मोजलं.

तो पट्टा आता छत्र्यांच्या दुकानात काचेच्या चौकटीत आहे, समोरच्या फोटोपेक्षा एक वीत मोठ्या. गाठीसकट. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तर माणिकप्पा सांगतो की हिमालयातला आहे, आणि पुढं काही सांगत नाही. पलीकडून रेवणसिद्ध दिवसातून चार-पाच वेळा तिकडं बघतो. माणिकप्पाच्या मनात त्याबद्दल काहीही नाही. समोर दिसतं म्हणून तो मोजतो.